गुरुवारची उत्तर बाजू

‘मोजणीवाल्यांचं गुरुवारचं सगळं खोटं निघालंय म्हणे, आणि आता त्यांना—’ एवढंच ऐकलं बघा मी, पुढचं शिंप्याच्या मशीननं खाल्लं. न्हावी बोलत होता, शिंपी ऐकत होता, आणि मी जिन्यात उभी — मुद्दाम नव्हे हं, माझी चप्पल निघाली होती, ती घालत होते. आता एक चप्पल घालायला किती वेळ लागतो? लागतो तसा. पण नेमकं ‘आता त्यांना’पर्यंत गाडी आली आणि शिंप्यानं पायडल मारलं, घर्रर्र — आणि मशीन थांबेपर्यंत न्हावी स्वतःच्या गुडघेदुखीवर पोचला होता. विचारायचं कसं? विचारलं की ऐकत होते हे कळणार. आठ दिवस झाले त्याला. आता त्यांना काय? काढणार? पेपरात नाव देणार? आणि आज शेजारचं दार कोण वाजवतंय म्हणून बघते तर तुम्ही — खांद्याला पिशवी, छातीवर पक्ष्यांच्या ऑफिसचा बिल्ला. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय आमच्या ह्यांनी बसवलाय. इथे बसा. शेजारचे भावजी घरी नाहीत. पेन्सिलचं शिसं आणायला गेलेत, येतील. — गॅलरीत काय बघताय? काही नाही तिथे, चादर आहे. गुरुवार ना आज, आमच्या बिल्डिंगला गुरुवारी दुपारी भरपूर पाणी सोडतात, म्हणून चादरी गुरुवारी. हलतेय ती वाऱ्यानं. आणि खाली त्या चपला दिसतायत त्या आमच्या ह्यांच्या. हे दुकानात आहेत, हो. अनवाणी गेले असतील. चहा ठेवते.

साखर किती? दीड? बरं. तुम्ही नव्या दिसता, म्हणून सांगते — भावजींसारखा माणूस तुमच्या ऑफिसला कंदील घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही. बंदरावर वजनकाट्याला होते ते. तीस वर्षं वजनं लिहिली, एका पोत्याची चूक नाही. आणि काट्यावरून सुटले की संध्याकाळी हे — समोरच्या बेटावर पक्षी मुक्कामाला येतात ते मोजायचे. रातथारा म्हणायचं त्याला, ठाऊक आहे मला, मी मुक्काम म्हटलं की ते चिडतात. म्हणतात, वहिनी, मुक्काम पाहुण्यांचा असतो, पक्षी घरी आलेले असतात. सव्वीस वर्षं, ताई. सव्वीस वह्या. पूर्व बाजू, पश्चिम बाजू, दक्षिण, उत्तर — पाणकावळे किती, कुरव किती — एक संध्याकाळ चुकवली नाही. लग्नसुद्धा केलं नाही. का, म्हणून विचारलं मी एकदा, तर म्हणाले, संध्याकाळी वेळ नसतो. तापात मोजलंय, दाढ काढल्यावर मोजलंय, एक गाल हा एवढा. धाकट्या भावाच्या लग्नात जेवणावरून उठून आले होते, भाऊ अजून बोलत नाही. तुमच्या ऑफिसनं काय दिलं त्याबद्दल? एक दुर्बीण आणि एक नियमांचं पुस्तक. त्या पुस्तकातला पहिला नियम मलाही पाठ आहे — जे दिसेल तेच नोंदवावे. किती चांगला नियम आहे. मी तर घरातही तोच पाळते.

माझ्याकडे कधीपासून म्हणताय? नऊ वर्षं. त्यांच्या खिडकीसमोर तो बर्फाचा कारखाना उभा राहिला ना, भिंतच्या भिंत, तेव्हापासून. कारखान्याचा शेवटचा मजला चढला त्या संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर भावजी, दुर्बीण अशी छातीशी धरलेली, तान्हं बाळ धरावं तशी. म्हणाले, “वहिनी, तुमच्याकडे थोडा समुद्र मिळेल का?” वाटीभर साखर मागावी तसं. मी म्हटलं, घ्या की, पडलाच आहे. तेव्हापासून दुर्बीण आमच्या गॅलरीच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, कठड्याला स्क्रूनं बसवलेली, आणि त्यांचं ते स्टूल. रोज सूर्य खाली आला की येतात, पाय पुसतात, बसतात. मी बाजूला भाजी निवडते, सांगते. ते लिहितात.

काय सांगते? — काही नाही, आपलं असंच. हवापाणी. बिल्डिंगमधलं. — नाही, आकडे नाही. आकडे मी कशाला सांगू? मी सातवी शिकलेली बाई. डोळे काय त्यांचे, गरुडाचे आहेत, गरुडाचे. पार तिकडच्या खडकावर म्हातारा पाणकावळा बसलेला ओळखतात — म्हणजे ओळखायचे. — ‘ओळखायचे’ असं नाही म्हणाले मी. म्हणाले का? बिस्किट घ्या.

बरं, तो म्हातारा पाणकावळा तेवढा सांगते, त्यात काही वाईट नाही. चार वर्षांपूर्वी पश्चिमेच्या खडकावर एक बसायला लागला. उडायचा नाही, हलायचा नाही, वारा असो, लाट असो, जागेवर. भावजींना भारी कौतुक. रोज पश्चिम बाजूला त्याची वेगळी नोंद — ‘म्हातारा उपस्थित’. दोन महिन्यांनी काळजी लागली त्यांना, हा खातो कधी? अर्धं पान लिहिलं त्याच्यावर, तुमच्या ऑफिसला धाडलं, तिथून उत्तर आलं की वर्तन दुर्मीळ आहे, निरीक्षण चालू ठेवा. मला आपली उत्सुकता. एक दिवस ते हात धुवायला आत गेले तशी मी दुर्बिणीला डोळा लावला. गमबूट होता, ताई. कोळ्याचा काळा गमबूट, फटीत उलटा अडकलेला. आता काय करायचं? सांगायचं? दोन महिने ज्याची तब्येत विचारली त्याला गमबूट म्हणायचं? नाही सांगितलं. आणि पुढे एका मोठ्या लाटेला तो गेला. त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलं, ‘म्हातारा गेला’, वही मिटली, आणि चहा तसाच ठेवला. अर्धा कप. तो कप मी — जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, भावजी, तुमच्या चष्म्याचा नंबर बदलला असेल, तो होईपर्यंत मी बघून सांगते, तुम्ही लिहा. ते म्हणाले, होईपर्यंतच हं, वहिनी. मी म्हटलं, होईपर्यंतच.

चार वर्षं. हो. — ते पेन खाली ठेवा ना जरा. चहा सांडेल वहीवर.

आता ऐकलंच आहेत तर नीट ऐका, अर्धवट ऐकण्यानं काय होतं ते मला विचारा. मी एकही आकडा मनचा सांगितलेला नाही. शपथ घेऊन सांगते. पद्धतीनं मोजते मी — दहा पक्षी झाले की दोरीला एक कपड्यांचा चिमटा लावायचा. दहाला चिमटा, दहाला चिमटा, शेवटी चिमटे मोजायचे आणि सांगायचं. आहे की नाही पक्कं? तुमच्या कॉलेजात तरी असं शिकवत असतील का? चिमटे संपले की मोजणी संपली. — उरलेले पक्षी? उरलेल्यांचं मी काय करणार, चिमटे चौतीसच होते. तीनशे चाळीस झाले की थांबायचं, वरच्यांची जबाबदारी कोण घेणार? तरी तुमच्या त्या छापील पुस्तिकेत किती छान लिहिलंय — बेटाची कमाल क्षमता तीनशे चाळीस. भावजींनी मला वाचून — म्हणजे मीच वाचून दाखवलं त्यांना, तीन वेळा. आणि गेल्या वर्षी मी डझनभर चिमटे नवीन घेतले, हिरवे, तर तुमची क्षमता एकदम चारशे साठ. त्यावर तुमच्याच साहेबांनी लिहिलंय, बेटाभोवती मासळी वाढली असावी. वाढलीही असेल. मी कुठे नाही म्हणते?

मध्ये दोन महिने मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, तेव्हा आमच्या ह्यांनी सांगितले आकडे. ह्यांचं अंड्यांचं दुकान. तुम्ही नका हसू, मला अंदाज आहे तुम्ही का हसताय. माणूस चाळीस वर्षं अंडी विकतो, त्याला दोन डझन, पाच डझन असंच दिसतं — सुटं अंडं ह्यांना दिसतच नाही, ह्यांचा स्वभाव आहे तो. मी परत आले तेव्हा वही पाहिली. बहात्तर, शहाण्णव, एकशे आठ, एकशे वीस. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणतात, फुटलेली धरली नाहीत. आणि तुमच्या ऑफिसकडून पत्र, की हिवाळ्यात पक्षी बारा-बाराच्या टोळ्या करून झोपतात असं प्रथमच आढळलं. प्रथमच. भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पत्र उशीखाली असतं त्यांच्या. आता तुम्हीच सांगा, त्यांना जाऊन म्हणायचं, भावजी, ती अंडी आहेत?

गुरुवारचं, हो. गुरुवारचं तेवढं राहिलं. मला वाटलं विसरलात. — ते मी सांगणारच होते, म्हणूनच तर तुम्हाला आत बोलावलं. नाही, खरं तर न सांगण्यासाठी बोलावलं होतं. तुम्ही चेहराच असा करून बसलात, शाळेतल्या बाईंसारखा, काही विचारत नाही आणि बघत राहता. तर त्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर आहे ना — ‘दर गुरुवारी बेटाची उत्तर बाजू संपूर्ण रिकामी असते, कारण अज्ञात.’ त्यावर म्हणे एक परदेशी विद्वान तीन आठवडे येऊन राहिला, भरती-ओहोटी तपासली, बोटींची सुट्टी तपासली, बर्फाच्या कारखान्याची शिट्टी तपासली. आमच्या घरीही आला होता, चहा घेऊन गेला. उत्तरेकडे बघत होता सारखा, पण तो आला मंगळवारी.

कारण ती आहे. ती चादर. बघा, दुर्बीण त्या कोपऱ्यात, दोरी ह्या कोपऱ्यात, भिंतीपासून कठड्यापर्यंत आडवी. चादर ही एवढी, लाल, सूर्यफुलांची, डबलबेडची — कठड्याबाहेर जाते फडफडत. दर गुरुवारी ती असली की मला उत्तर बाजू दिसत नाही. भावजी विचारतात, उत्तरेला किती? मी म्हणते, काही नाही. ते लिहितात, शून्य. मी खोटं कुठे बोलले? काही दिसलं नाही, काही नाही म्हटलं. जे दिसेल तेच नोंदवावे — तुमचाच नियम आहे ना? आणि आठ चिमटे चादरीला गेलेले असतात, ते वेगळंच. — काढून बाजूला का नाही ठेवली? ओली चादर, ताई. ओली चादर काढून ठेवायची कुठे? आणि मला काय स्वप्न पडलं होतं की तुम्ही लोक ते छापणार आहात? मला वाटलं वही वहीत राहते.

झालं. सांगून टाकलं. आता न्हावी म्हणाला त्यातलं पुढचं तुम्ही सांगा. ‘आता त्यांना’ काय? — हा कागद? द्या. चष्मा कुठे गेला — हं. ‘निरीक्षकांनी... डोळ्यांचा दाखला... सादर करावा, अन्यथा मोजणीचे काम... बेटावर बसविण्यात येणाऱ्या कॅमेऱ्याकडे...’ कॅमेऱ्याकडे. अच्छा. म्हणजे आता त्यांना दाखला मागणार. एवढंच होतं होय? एवढंच नाही आहे हे, मला कळतं. ते दाखला कुठून आणणार? डाव्या डोळ्याला त्यांना नुसता उजेड दिसतो, उजव्याला माझा आकार दिसतो, मी हलले तर. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करून घ्या, पण आठ दिवस संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागेल. ते म्हणाले, आठ संध्याकाळी? मग नको. — अगं, तू — तुम्ही — तुम्ही समजून घ्या. त्या माणसाला सकाळ नाही, दुपार नाही. दुपारभर ते संध्याकाळची वाट बघतात, पेन्सिलला टोक करत. सहा टोकं करतात, लिहितात एकीनं. ही मोजणी काढलीत तर त्यांच्याकडे राहिलं काय? बर्फाची भिंत. आणि मी म्हणाल तर, मला काय, मी भाजी आतही निवडू शकते. पण चार वर्षं एका माणसानं रोज विचारलं, वहिनी, किती? — आमच्या घरात मला दुसरं कोणी कधी काही विचारलेलं नाही. ह्यांना सगळं आधीच माहीत असतं. हे लिहू नका. हे तुमच्या कामाचं नाही.

शिंक? कोण शिंकलं? मी नाही शिंकले. शेजारी असतील. शेजारचे पेन्सिलचं शिसं आणायला — हो, मीच म्हटलं. मग वरचे असतील. कुठे चाललात? ताई, गॅलरीत ओलं आहे, पाय घसरेल — अहो, चिमटे नका काढू, चादर अजून — अहो, ती दमट आहे —

बरं. बसलेत. दिसतायत ना? स्टुलावर, वही मांडीवर. मीच बसवलं त्यांना, तुम्ही जिन्यात दिसलात तेव्हा. घाबरले होते हो. भावजी, ह्या ऑफिसच्या ताई. सगळं ऐकलंत? गमबूटसुद्धा? — गमबूटसुद्धा. बघा, मान हलवतायत. भावजी, मी सांगणार होते तुम्हाला, रोज सांगणार होते, पण तुम्ही त्या दिवशी चहा तसाच टाकलात ना. — काय? जरा मोठ्यानं बोला, ताईंनाही ऐकू दे. “चादर असते हे मला ठाऊक होतं, वहिनी. साबणाचा वास येतो. पण शेजारणीच्या वाळवणाला हात कसा लावायचा?” घ्या. चार वर्षं. विद्वान तीन आठवडे बोटी मोजत बसला, आणि हा माणूस लाजत होता.

हो, विचारतायत ते. सवयच आहे त्यांची, ह्या वेळेला विचारणारच, तुम्ही उभ्या असा नाहीतर कलेक्टर उभा असो — सूर्य टेकला ना तिकडे. “वहिनी, उत्तरेला किती?” थांबा भावजी, बघते. आज काही आड नाही, आज उत्तर आहे. डोळा लावू द्या. ताई, जरा सरका.

हं.

नाही, नाही, थांबा. हे असं कसं? चादर नाही, धुकं नाही, खडक स्वच्छ दिसतोय, शेवाळसुद्धा दिसतंय — आणि पक्षी नाहीत. पश्चिमेला दाटी आहे नुसती, एकमेकांच्या डोक्यावर बसलेत, आणि उत्तरेला — काल इथे नव्वद होते. नऊ चिमटे लावले होते मी. बघा तुम्ही. लावा डोळा. मोजा. सात ना? मलाही सातच दिसले. भावजी, सात. शून्य नाही, सात. म्हणजे न्हावी बोलला ते अर्धंच खरं — शून्य खोटंच होतं, पण सातानं खोटं, सगळं नव्हे. बाकीची बाजू खरंच रिकामी आहे. का? मला का विचारता, शिकलेल्या तुम्ही आहात. त्यांना काय आमची लाल चादर — आता फडफडते ती दुपारभर, त्यांच्या तोंडासमोर, ही एवढाली सूर्यफुलं. मीही नसते बसले.

तो कागद काय करताय? दाखल्याचा. पिशवीत? खाली, वह्यांच्या खाली? राहू दे, राहू दे. मी काही पाहिलं नाही, आणि जे दिसलं नाही ते मी सांगत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?

आठ. थांबा. भावजी, सात खोडा, आठ. एक आला पश्चिमेकडून — बसला. इकडेच बघतोय हो, दोरीकडे. नऊ. आणखी दोन फिरतायत वर, खाली यायचं की नाही ते ठरत नाही त्यांचं. ताई, चादर आत टाका, पलंगावर, जमिनीवर नको. झालं? आणि चिमटे तुमच्याच हातात आहेत ना, आठही? नीट धरा, हिरवा तुटका आहे. बसला, बसला. दहा. एक द्या इकडे. — आणि आता गप्प राहा बाई, आल्यापासून तुमचं चाललंय, बोललं की आकडा चुकतो. अकरा.